पाहुण्यांचा पेला

“एक पाहुण्यांचा दे,” सासूबाई म्हणाल्या. “त्या ढिगातला कुठलाही चालेल.”

चाकावर बसलेल्या पेलेवालीचे हात थांबले. बावीस वर्षं झाली, मोठ्या सुट्टीच्या आधी सासूबाई तिच्याकडे यायच्या आणि घरच्यांना द्यायला हातानं घडवलेलं काहीबाही घेऊन जायच्या. आजही थोरल्या लेकीसाठी वाडगा आणि आजोबांसाठी फुलदाणी बाजूला काढून झाली होती. पण घरात नव्यानं येणाऱ्या माणसाला ढिगातला पेला? हे कधी झालं नव्हतं.

त्यांच्या घरची रीतच वेगळी होती. सुट्टीत सगळे चार दिवस एकत्र राहायचे आणि सकाळची कॉफी ज्यानं त्यानं आपापल्या पेल्यातून प्यायची. नवं माणूस आलं, की त्याला आधी इथं आणायचं. पेलेवाली त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायची, मूठ आवळायला सांगायची, त्या मुठीच्या मापानं पेला घडवायची आणि ठसा उमटलेला तो गोळा त्या माणसाची ‘मूठ’ म्हणून जपून ठेवायची. जावयांनी घाबरून इतकी जोरात मूठ आवळली होती, की त्यांच्या पेल्यात आजवर चार घोटच मावतात. ते तीनदा मागून पितात आणि तीनदा टोमणे खातात. पाहुण्यांचे पेले मात्र सगळे सारखे. कुणाच्याच हाताचे नसलेले.

“नवं कोण आलंय, काकू?”

“सुनेचा नवरा.”

आजवर सुनेचा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. तो जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. गेल्या वर्षी घरात सुट्टी झालीच नाही. आणि गेल्या महिन्यात सुनेनं दुसरं लग्न केलं. तिनं फोनवर भीत भीत विचारलं, “बाबा, आम्ही दोघं सुट्टीला आलो तर चालेल?” सासरे भोळे. ये, ये, म्हणून मोकळे झाले.

सासूबाईंनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. येऊ दे. शब्दानं दुखवायचं नाही, फक्त त्याच्यापुढे पाहुण्यांचा पेला ठेवायचा. सून शहाणी आहे, काय समजायचं ते समजेल आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. हे ठरवताना त्या रडल्याही होत्या, कारण सुनेवर त्यांचा फार जीव होता. पण इतक्या लवकर ती धाकट्याला विसरली, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

“आणि धाकट्याची मूठ दे मला,” त्या म्हणाल्या. “घरी नेते. ज्यांनी आठवण ठेवायची, त्यांना आता तिची गरज उरली नाही.”

मुठी खिडकीजवळच्या फळीवर वाळवून ठेवलेल्या होत्या. खाली चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: आजोबा, थोरली, जावई, धाकटा, सून. पेलेवाली त्या भट्टीत घालत नसे. भाजली की माती आकसते, माप चुकतं. पेला फुटला, तर त्याच मुठीवरून दुसरा करता यायला हवा.

पेलेवालीनं चाक थांबवलं. हात धुतले, पुसले आणि धाकट्याची मूठ आणून दिली.

सासूबाईंनी खळग्यांत बोटं घातली. धाकट्याची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, तो वाकडा खळगा लगेच सापडला. पण बाकीची मूठ गुळगुळीत लागली. लग्नाच्या वर्षी त्यानं आणि सुनेनं शेजारी बसून, एकमेकांना हसत मुठी दिल्या होत्या. तेव्हा मातीवर बोटांच्या बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या. सासूबाईंनी स्वतः बघितल्या होत्या. आता त्यांतली एकही नव्हती.

त्यांचा तोल गेला. “कुणी घासली ही? त्याचं एवढं एकच उरलं होतं. तुला तेही सांभाळता आलं नाही?”

“घासली नाही कुणी, काकू. झिजलीय.”

“फळीवर ठेवलेली माती झिजते होय?”

“फळीवर राहते कुठं ती?” पेलेवाली हळू आवाजात म्हणाली. “तुमची सून येते दर शनिवारी. तिथं स्टुलावर बसते, यात बोटं घालते. तास, दीड तास. आधी रडायची, आता नुसती बसते. मी म्हटलं, झिजायला लागलीय, भाजून देते, टिकेल. तर म्हणाली, नको, आकसेल. मग तो हात त्याचा राहणार नाही.”

सासूबाई त्याच स्टुलावर बसल्या. धाकटा गेल्यापासून त्यांना स्वतःला या दारात यायचा धीर झाला नव्हता. आणि आल्या त्या कशासाठी, तर हे सगळं तिच्या हातून काढून न्यायला. त्यांना स्वतःची लाज वाटली. पदरात तोंड घालून त्या बराच वेळ रडत राहिल्या.

मग उठून त्यांनी मूठ होती तिथं ठेवली. पाहुण्यांचा पेला ढिगात परत टाकला.

“परवा ती आली की सांग, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये. त्याची मूठ घ्यायचीय. माझ्या नावानं सांग.”

“त्याला वेगळं बोलवायला नको, काकू,” पेलेवाली म्हणाली. “वर्ष झालं, तोच घेऊन येतो तिला. तिचं होईपर्यंत बाहेर फाटकाशी उभा असतो. आत या म्हटलं, तर म्हणतो, नको, आत ते दोघं बसलेत.”