पाहणी

युसूफ वडगाव या गावाकडं जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. डाव्या हाताला जुनी दगडी बारव, उजव्या हाताला जाईबाईंचं घर. दोन्हीतलं एकच वाचणार. बारव राखण्याजोगी आहे का, ते बघायला पुरातत्त्व खात्याचा रवी आलता. घराचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. जाईबाईंनी दिलेला चहा पिता पिता त्याला राहवेना.

"आजी, बारवेत खाली काय काय हाय? नक्षी? मूर्ती?"

"मला कावून इचारतो बाबा?"

"समोरच तर राहता. लग्न होऊन आल्यापासून बघत असाल की."

"काठच बघितला. आमची सावली पडली तरी पानी बाटायचं त्यांचं. आता कुनी आडवत न्हाई, पन पायच उतरत न्हाईत."

रवीनं चहाचा कप खाली ठेवला. तो हळूच म्हणाला, "बारव पाडायची ठरली, तर तुमचं घर वाचंल."

जाईबाईंनी पदर खोचला, रस्ता ओलांडला अन् बारवेच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागं वळल्या.

"थांब जरा. माझं घर द्यावं एवढं काय हाय हिच्यात, ते आदी मला बघू दे."