सगळ्या कोडमध्ये शोधतं

धाकट्या दिराने ऑफिसातल्या एआय एजंटला विचारलंच नसणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरी भाजी आणायला पाठवलं तर कोपऱ्यावरूनच परत येऊन "दुकान बंद आहे" म्हणणारा माणूस तो. सासूबाईंनी गळ घातली म्हणून तिनेच त्याला इथे, आपल्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटवलं होतं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वहिनी घरी, ऑफिसात मी मॅडम. तेवढं मात्र त्याने पाळलं होतं.

आज सकाळी कंपनीच्या एका ग्राहक दवाखान्याच्या एकाही पेशंटला तपासणीच्या वेळेचा मेसेज गेला नव्हता. मेसेज पाठवणारा कोड दिराने काल बिनकामाचा समजून काढून टाकला होता. काहीही काढायच्या आधी ते कुठे वापरात आहे का, हे एजंटला विचारायचं, असा इथला नियम. कंपनीचा सगळा कोड धुंडाळून तो सांगतो. दीर म्हणत होता, मी विचारलं, कुठेच नाही म्हणाला. एजंटशी झालेलं बोलणं कुणी जपून ठेवत नसे, त्यामुळे पुरावा काही नाही. साहेबांच्या मते तो सरळ थापा मारत होता. जेवणानंतर बैठक होती. विचारलं नव्हतं असं ठरलं, की आजपासून त्याने घरी बसायचं.

आपली तरी खात्री असावी म्हणून तिने जागेवर येऊन एजंटला तोच प्रश्न टाकला. उत्तर आलं, कुठेच वापरात नाही.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा असं कसं म्हणतोय? तिने एजंटला दिलेली टूल्स उघडली. कुठलं टूल काय करतं, हे त्याला फक्त शेजारी लिहिलेल्या वर्णनावरून कळतं, आणि लिहिलेलं तो मुकाट खरं मानतो. शोधायच्या टूलपुढे लिहिलं होतं, 'सगळ्या कोडमध्ये शोधतं.' साफ चूक. ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि तिथे ते टूल फिरकतही नाही. काढलेला कोड वापरणारं मेसेजचं काम तिथलंच होतं.

ते वाक्य तिचं होतं. किती आटोपशीर लिहिता, असं साहेब तेव्हा म्हणाले होते.

म्हणजे त्याने विचारलं होतं. तिला लाज वाटली, पण लाजेहून भीती मोठी होती. पूर्ण टीम तिच्या हाती द्यायचं घाटत होतं. तिने दरवाजाकडे पाहिलं, स्क्रीन जरा आपल्याकडे वळवली आणि वर्णन दुरुस्त करायला घेतलं. दुरुस्ती हे तर आपलं कामच, असं तिने स्वतःला समजावलं. काम हाती घेतलं की अर्धवट सोडायचं नाही, ही तिची खोड. कुठलं टूल कुठे शोधतं, कुठे शोधत नाही, तिथे न सापडल्यास पुढे कुठलं वापरायचं, सगळं स्वच्छ लिहिलं. बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या टूलचं वर्णनही मोघम होतं. हात चालूच होता, तेही सुधारलं.

बैठकीत साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एजंटला विचारलं. मेसेजचं काम क्षणात सापडलं. साहेबांनी दिराकडे नुसतं बघितलं.

"काल नाही म्हणाला होता," दीर म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही विचारून बघितलं होतं का?"

त्याच्या नजरेत राग नव्हता. तेच तिला खुपलं.

"आत्ता साहेबांनी विचारलं ना सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "तेवढं पुरे आहे."

साहेबांचा मात्र कुणाच्याच तोंडी शब्दावर विश्वास नसे. एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हणत त्यांनी टाइप केलं, 'हाच प्रश्न काल विचारला असता, तर हेच उत्तर आलं असतं का?'

एजंटने नवी वर्णनं वाचली. इतिहासासाठी कुठलं टूल घ्यायचं ते आता त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने ते घेतलं.

'नाही,' पडद्यावर उमटलं. 'शोधायच्या टूलचं वर्णन आज जेवणाच्या सुट्टीआधी बदललं आहे. आधीच्या वर्णनानुसार काल हे काम सापडलं नसतं.' खाली जुनं वाक्य, त्याखाली नवं, आणि बदल करणारीचं नाव.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता तसाच टेबलावर ठेवला. तिने आपला ग्लास उचलला, तो रिकामा होता.

दिराने आपल्यापुढचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"पाणी घ्या, वहिनी," तो म्हणाला.