घरचा वास

हेरंबच्या नाकावरची नळी काढत अधिकारीबाई म्हणाल्या, "अभिनंदन, हेरंब! घरचा वास देऊनही तुमची नाडी हलली नाही. आता या देशात कायमचे राहा." मग त्या त्याच्या बायकोकडे वळल्या. "शर्वाणी, तोच वास तुम्हालाही दिला. तुमची नाडी उसळली. गावाची ओढ असलेल्यांना आम्ही ठेवून घेत नाही. तुम्हाला परत जावं लागेल."

बाहेर आल्यावर हेरंबला हसावं की रडावं तेच कळेना. "पण घरचा कसला? मला तर कुठल्याशा हॉटेलातला वाटला."

शर्वाणी थबकली. "अरे, तुझ्या आईच्या हातचं कुळथाचं पिठलं होतं ते! कोकम नेहमीसारखं जास्त पडलेलं."

हेरंबने गोंधळून शर्टाची बाही नाकाशी धरली. बाहीला नुसता साबणाचा वास येत होता.