बरणीतलं जनावर

खैरुन्निसा फलजावर आली की बायका बोलायच्या थांबत. डोंगरातून दगडी पाटाने येणारं ते पाणी सगळं गाव पीत असे. खैरुन्निसा मात्र आता तिथे फक्त कपडे धुवायची. तिच्या घरचं पिण्याचं पाणी फुजैराहून, दवाखान्याच्या जीपमधून, पत्र्याच्या डब्यात यायचं. तो डबा बायकांनी पाहिला होता.

साल सहासष्ट. कोकणातल्या बाणकोटची खैरुन्निसा, तिचा नवरा हनीफ आणि त्यांची लहानगी पोर शहनाझ त्याच वर्षी अरबस्तानातल्या या डोंगरातल्या गावी आली होती. हनीफ इथल्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होता.

एकदा तिच्या घागरीत एक जनावर आलं. चार पायांचं, लांब शेपटीचं, पालीसारखं; पण पोहणारं. फिरतीवर आलेल्या इंग्रज डॉक्टरने ते वरवर पाहिलं.

"न्यूट दिसतोय. आमच्याकडे तळ्यांत असतात. कातडीत विष असतं. हात धुवा."

"बेडकाचं पिल्लू नसेल ना?" तिने हनीफकडून विचारून घेतलं.

"बेडूक असेल तर शेपूट जाईल. न्यूटची जन्मभर राहते," डॉक्टर म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

त्याच दुपारी हनीफने सांगून टाकलं, "शहनाझला फलजाचा एक थेंब द्यायचा नाही. आणि बाहेर बोलायचं नाही. आपण परके. यांच्या पाण्याला नावं ठेवली तर खलास, परतीच्या बोटीत बसवतील."

खैरुन्निसाने जनावर बरणीत ठेवलं. आत एक दगड टाकला, वर फडकं बांधलं. पोरीला जवळ येऊ दिलं नाही. जनावर काही खाईना. पाण्यातून निघून दगडावर बसायला लागलं. शेपूट आखडतेय की तिलाच तसं वाटतंय, हे तिला कळेना.

गावातल्या पोरांना जुलाब लागले होते. तरी दवाखान्यात कुणी फिरकेना; गावचं पाणी न पिणाऱ्यांच्या हातचं औषध कुणाला नको होतं. शेजारच्या उम्म सालिमचं पोर तापाने कण्हायचं, ते भिंतीतून ऐकू यायचं. हनीफ औषध घेऊन गेला, तर तिने दार उघडलं नाही.

मग एका सकाळी बरणीत दगडावर मातकट रंगाचा इवलासा बेडूक बसलेला होता. शेपटीच्या जागी नुसता टोकदार उंचवटा.

खैरुन्निसा बरणी घेऊन धावतच शेजारी गेली. मागून हनीफ औषधाची वाटी घेऊन आला. उम्म सालिम अंगणात पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे ओठ सुकले होते.

"बेडूक आहे!" खैरुन्निसा मोडक्या अरबीत म्हणाली. "विषारी नाही. पाणी चांगलं आहे."

उम्म सालिमने बरणीकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"बेडूकच आहे. दर वर्षी होतात. माझी आजी हेच पाणी प्यायली. तू का पीत नव्हतीस?"

"डॉक्टर म्हणाला, यात विष असेल. म्हणून मी माझ्या पोरीला..."

"तुला वाटलं विष आहे?"

खैरुन्निसाने होकाराची मान हलवली.

"आणि आमची पोरं पीत होती, ते तू रोज बघत होतीस."

खैरुन्निसाने हनीफकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

उम्म सालिमने त्याच्या हातातून वाटी घेतली. पोराने तोंड उघडलं, पण तिने वाटी त्याच्या ओठांना लावली नाही. ती खैरुन्निसापुढे धरली.

खैरुन्निसाने बरणी खाली ठेवली आणि एक घोट घेतला. कडू होता. तिने तो गिळला.

उम्म सालिम तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.