डबा गरम राहील तिथवर

आईची अट एकच होती. "घरून निघालेला डबा पोचेपर्यंत गरम राहील, तेवढ्याच लांबचं कॉलेज. त्यापुढे नाव काढायचं नाही." या हिशेबात फक्त कोपऱ्यावरचं कॉलेज बसत होतं आणि तिथे लेकीला हवा तो विषयच नव्हता; तो होता दिवसभराच्या बसप्रवासावरच्या एका कॉलेजात.

लेकही आईवरच गेलेली. तिने दिवसभर गरम राहणारा डबा शोधून आणला आणि आईसमोर आदळला. "घे! आता बोल!"

"दुकानदाराला काय, तो काहीही सांगेल. मी स्वतः बघून येते." आईने उकळती भाजी त्यात भरली, डबा मांडीवर घेतला आणि पहाटेच्या बसने निघाली.

ऊन उतरताना ती त्या लांबच्या कॉलेजच्या फाटकाशी पोचली. पायरीवर बसून तिने झाकण उघडलं, तर चष्म्यावर वाफच वाफ. खात्री करायला एक मोठा घास घेतला, तोच फोन वाजला.

"आई, सांग ना गं पटकन! गरम आहे ना?"



"गारढोण झालंय गं, बाळा," पोळलेली जीभ कशीबशी वळवत आई म्हणाली.