घराण्याची लिपी

लग्न होऊन महिना झाला नाही तोच "बायकांना काय करायचीय जुनी लिपी?" म्हणत मानसिंग आबांनी सुनेची, राजेश्वरीची, मोडीची सगळी पुस्तकं रद्दीत घातली होती. ती ते विसरली नव्हती. यंदा आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि लेकानं त्यांना वाचायला ई-रीडर आणून दिला.

"अक्षर लय बारीक हाय गं. जरा ठळक फॉन्ट टाक," आबा म्हणाले.

तिनं दुपारी निवांत बसून फॉन्ट टाकला. संध्याकाळी कराडचे पाहुणे आले, तसा आबांनी ऐटीत ई-रीडर उघडला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. अख्खं पान मोडीत होतं.

"आबा मोडी सरसर वाचत्यात," राजेश्वरीनं चहा देता देता सांगितलं. "सरदाराचं घराणं हाय न्हवं!"

पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. आबांना नाही म्हणवेना. पाहुणे उठेपर्यंत ते घाम पुसत पानं उलटत राहिले.

मग सोप्यातून हळूच हाक आली, "सूनबाई, पहिल्यासारखं करून दे की गं."

"आवं, भाजी करपंल माझी. बघू उद्या-परवा," ती आतून म्हणाली.

गॅस अजून पेटवायचाच होता.