सहा दिवसांचं प्रशिक्षण

"मावशी, साहेब बघत असताना दोन-चार काजं वाकडी करा," शेठ कानात पुटपुटले. "तुम्ही शिकाऊ आहात, विसरू नका."

गणवेशाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं शर्टांना काजं करणाऱ्या हौसाबाईंना शेठनी गेल्या आठवड्यात कागदोपत्री काढून टाकलं आणि शिकाऊ म्हणून पुन्हा लावलं. शिकाऊचा पगार सहा महिने सरकार देतं.

हौसाबाईंनी डोळे मिटून कापड मुद्दाम तिरकं ओढलं. हातांनी ते आपसूक सरळ केलं. सातही काजं एका रेषेत आली.

"अहो, सहा दिवसांत एवढी सफाई!" तपासणीला आलेले साहेब थक्क झाले. "शेठ, मानलं तुम्हाला. बाईंचं प्रशिक्षण पूर्ण!" त्यांनी जागेवरच प्रमाणपत्र दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांची जीप गेल्यावर हौसाबाईंनी विचारलं, "मग आता मी परत कायम ना?"

"शिकलेल्या माणसाचा पगार मला द्यावा लागतो, मावशी. उद्यापासून येऊ नका." शेठनी त्यांची डब्याची पिशवी हातात दिली. "साहेब नवी मुलगी पाठवतायत. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, देवाची कृपा!"